जखमेचे तोंड आणि जखमेची खोली

"पाठीवर मारावे, पण पोटावर मारू नये," असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. म्हणणाऱ्याच्या मनात अर्थातच भाकरीचा विचार असतो. परंतु शरीररचनेच्या दृष्टीनेही ही म्हण अक्षरशः खरी आहे. निसर्गाने मेंदूला कवटीची पेटी दिली, हृदय व फुप्फुसे यांना बरगड्यांचा पिंजरा दिला, मज्जारज्जूला मणक्यांची नळी दिली. पोटाला मात्र पुढल्या अंगाने हाडाचे कवच नाही. कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंचे थर आणि शेवटी कागदासारखे एक पातळ अस्तर, एवढ्यावरच सारी मदार आहे. या अस्तराच्या आत जी पोकळी आहे तिला उदराची पोकळी म्हणतात. आणि धारदार किंवा टोकदार वस्तू हे अस्तर भेदून आत गेली म्हणजे त्या जखमेला उदरभेदी जखम म्हणावयाचे.

अशा जखमा ओळखाव्या कशा, त्यांवर उपचार कोणते आणि त्यांची रुग्णालयाच्या दप्तरात नोंद कशी करावयाची, असे या विषयाचे तीन भाग आहेत. पहिले दोन भाग ऐकावयास कोणीही तयार होईल. तिसरा ऐकून मात्र श्रोत्यांना थोडे नवल वाटण्याचा संभव आहे. जखमेचे आणि दप्तराचे काय नाते? परंतु तिन्ही भागांचा गाभा एकच आहे. शल्यचिकित्सक रुग्णापाशी उभा राहून जो प्रश्न स्वतःला विचारतो, तोच प्रश्न नोंद करणारा कारकून कागदापाशी बसून विचारतो, आणि पुढे न्यायाधीशही तोच विचारतो. तो प्रश्न असा : जखम कातडीपुरतीच राहिली, की आत गेली? आत गेली असेल तर कशाकशाला लागली? जखमेच्या तोंडावरून याचे उत्तर मिळत नाही. हे एकच सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सारे समजावयास सोपे जाईल.

आरंभी पोटाच्या सीमा पाहू. सामान्य मनुष्य पोट म्हणजे बेंबीच्या भोवतालचा मऊ भाग समजतो. पण छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो घुमटासारखा वर चढलेला असतो. पूर्ण श्वास बाहेर सोडला असता हा घुमट जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत येतो. त्याच्याखाली उजवीकडे यकृत आणि डावीकडे जठर व प्लीहा, म्हणजे आपली पानथरी. तेव्हा बरगड्यांच्या मध्ये लागलेला घाव दिसावयास छातीचा असला तरी तो पोटातही गेलेला असू शकतो. तीच गोष्ट पाठीची, कुशीची आणि नितंबांची. मूत्रपिंडे, स्वादुपिंड, मोठ्या आतड्याचा काही भाग आणि शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, ही सारी मागच्या भिंतीला लागून आहेत. नितंबात घुसलेली सळई गुदाशयापर्यंत पोचू शकते. म्हणून अशा रुग्णाचे सर्व कपडे काढून, त्याला कुशीवर वळवून, सर्वांग तपासल्याखेरीज परीक्षा पुरी झाली असे शल्यचिकित्सक मानीत नाही.

या जखमा होतात कशाने? चाकू, सुरा आणि बंदुकीची गोळी ही नावे प्रथम सुचतात. परंतु आपला जिल्हा ज्वारीचा, उसाचा आणि जनावरांचा आहे. बैलाने शिंग मारणे, झाडावरून किंवा माळ्यावरून पडून खालच्या खुंटावर अगर सळईवर आपटणे, ऊस तोडताना कोयता निसटणे, वाहनाच्या अपघातात लोखंडाचा तुकडा घुसणे, याही मार्गांनी पोट फुटते. सुश्रुतसंहितेत ताज्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील भिन्न आणि विद्ध यांच्यामधला भेद मोठा मार्मिक आहे. भाल्याने, तलवारीच्या टोकाने किंवा शिंगाने शरीरातील आशय, म्हणजे आतली पोकळ जागा, फोडली गेली तर ती जखम भिन्न. आणि टोकदार वस्तू आशयाला न लागता केवळ अंगात रुतली तर ती विद्ध. शस्त्र कोणते याला येथे दुय्यम स्थान आहे. आशय फुटला की नाही यावर वर्ग ठरतो. आजचे शास्त्र याच रेषेवर उभे आहे. त्याच ग्रंथात, आतडे फाटले असता कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांचा चावा घेऊ द्यावा आणि मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तेवढी तशीच ठेवावी, असा उपाय सांगितला आहे. हे टाकेच झाले. आतडे शिवले पाहिजे हा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे त्यावरून दिसते.

आता धोका नेमका कशात आहे ते पाहू. उदरभेदी जखम मनुष्याला दोन वाटांनी मारते. पहिली वाट रक्तस्रावाची. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. हातापायाची रक्तवाहिनी तुटली तर रक्त डोळ्यांना दिसते, धार लागते, लोक धावून फडके बांधतात. पोटात मात्र यकृत फाटले किंवा आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली रक्तवाहिनी तुटली, तर लिटर दोन लिटर रक्त आतल्या आत साठते आणि बाहेर कातडीवर बोटभर लांबीची कोरडी चीर दिसते. ही वाट मिनिटांची आणि तासांची आहे. दुसरी वाट गळतीची. आतड्याला भोक पडले की त्यातला मळ पोकळीत पसरतो, अस्तराला दाह होतो, जंतू रक्तात शिरतात. ही वाट तासांची आणि दिवसांची आहे. पहिल्या वाटेवरचा रुग्ण पांढराफटक पडतो, त्याला घाम सुटतो, नाडी जलद व बारीक लागते. दुसऱ्या वाटेवरचा रुग्ण पहिले काही तास चक्क बरा दिसतो. तो बोलतो, पाणी मागतो, क्वचित चालतोही. याच अवधीत घरचे लोक फसतात. आणि अननुभवी डॉक्टरही कातडीला दोन टाके घालून त्याला घरी पाठविण्याचा संभव असतो. दोन दिवसांनी तोच मनुष्य लाकडासारखे कडक झालेले पोट घेऊन परत येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून रुग्णालयात पोचण्यापूर्वी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. पोटात घुसलेली वस्तू उपसून काढू नये. चाकू असो वा सळई असो, तिने फोडलेली रक्तवाहिनी कित्येकदा तिनेच दाबून धरलेली असते; उपसताच बूच निघाल्यासारखे होते. वस्तू हलणार नाही अशी भोवती फडक्यांची वळकटी ठेवून रुग्णाला न्यावे. जखमेत हळद, चुना, चहाची पूड किंवा राख भरू नये. रुग्णाला खावयास-प्यावयास काही देऊ नये. तहानेने तो व्याकूळ झाला तरी ओठ ओले करण्यापलीकडे जाऊ नये, कारण थोड्याच वेळात त्याला भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. त्याला उताणे निजवून गुडघे किंचित दुमडावे म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. अंगावर पांघरूण घालावे, कारण थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे.

आतडे बाहेर आले असेल तर काय करावयाचे? कोथळा बाहेर काढणे हा शब्दप्रयोग मराठी माणसाला प्रतापगडाची आठवण करून देतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचे पोट फाडले गेल्यावरही तो ओरडला आणि भोयांनी त्याला पालखीत घालून चालविले, असे बखरीत वर्णन आहे. वैद्यकाच्या दृष्टीने या वर्णनात अशक्य असे काही नाही. आतडे बाहेर आले म्हणजे मनुष्य त्याच क्षणी संपला, ही समजूत चुकीची आहे. भोक पडले नसेल आणि मोठी रक्तवाहिनी तुटली नसेल, तर बाहेर आलेले आतडे धुऊन पुन्हा जागेवर बसविता येते आणि मनुष्य पुढे वर्षानुवर्षे जगतो. परंतु ते काम शस्त्रक्रियागृहातले. घरी ते आत ढकलू नये. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने झाकावे, वर कोरडे फडके सैल बांधावे आणि निघावे. उघड्यावर सुकणे आणि पीळ पडणे हे त्या आतड्याचे दोन शत्रू आहेत.

"निघावे" हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या साऱ्या प्रकरणात वेळ हीच मुख्य औषधी आहे. वैद्यकाला हे कळावयास युद्धे लागली. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात पोटाला गोळी लागलेल्या सैनिकावर शस्त्रक्रिया करू नये, असेच ब्रिटिश शल्यचिकित्सकांचे मत बनले होते. शस्त्रक्रिया केलेले बहुधा दगावत, न केलेल्यांतले काही जगत. याचे कारण शस्त्रक्रियेत नव्हते, विलंबात होते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वेरा गेद्रोइत्स या रशियन महिला शल्यचिकित्सकाने आगगाडीच्या डब्यात, रणभूमीच्या जवळ, जखमींची पोटे उघडून शस्त्रक्रिया केल्या आणि लवकर पोचलेले रुग्ण वाचू शकतात हे दाखविले. पहिल्या महायुद्धात १९१५ नंतर हाच मार्ग ब्रिटिश सैन्यातही मान्य झाला.

या कथेतला पुढचा एक दुवा थेट आपल्या गावाशी जोडलेला आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते, त्यांतले डॉ. चोळकर नागपूरचे. ज्या भागात कोटणिसांनी काम केले तेथे त्यांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी एक नियम घालून दिला होता. जखमीने डॉक्टरकडे येण्याची वाट पाहू नये, डॉक्टरनेच जखमीकडे जावे, असा तो नियम. खेचरांवर सामान लादून त्यांचे फिरते शस्त्रक्रियागृह आघाडीच्या मागोमाग हिंडत असे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या एका लहानशा जखमेतून जंतुदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून वारले. जखमेचे तोंड आणि जखमेचा परिणाम यांचे प्रमाण किती व्यस्त असू शकते, याचा हा एक दारुण दाखला आहे. त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ साली कोटणिसांकडे आले; आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेही गेले. सोलापूर त्यांचे स्मारक जपते ते योग्यच आहे. पण त्यांच्या कामाचे मर्म, म्हणजे जखमी आणि सुरी यांच्यामधले अंतर कमी करणे, हेही आपण जपले पाहिजे.

आता रुग्ण रुग्णालयात आला आहे असे समजू. आपल्याकडे तो बहुधा सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात येतो. १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते संलग्न आहे. अक्कलकोटचा रुग्ण सुमारे चाळीस किलोमीटर आणि पंढरपूरचा सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून येतो. तेव्हा दारात पोचेपर्यंत मौल्यवान वेळ गेलेलाच असतो.

डॉक्टर प्रथम श्वासमार्ग, श्वासोच्छ्वास आणि रक्ताभिसरण पाहतात. हातांच्या शिरांत दोन जाड सुया घालतात, रक्तगट तपासावयास पाठवितात, धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविक देतात. पूर्वी रक्तदाब पूर्ववत होईतो सलाईन ओतण्याची रीत होती. आता रक्तस्राव थांबविण्याआधी फार सलाईन देत नाहीत, कारण त्याने रक्त पातळ होते, शरीर थंड पडते आणि बसू लागलेल्या गुठळ्या निघून जातात. शक्य तितक्या लवकर रक्तच देतात. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या एका जागतिक अभ्यासाने सिद्ध केले. तीन तासांनंतर मात्र त्याचा उपयोग राहत नाही. येथेही पुन्हा वेळच!

यानंतर मुख्य प्रश्न. पोट ताबडतोब उघडावयाचे की नाही? रक्तदाब सावरत नसेल, पोट सर्वत्र दुखरे व कडक झाले असेल, किंवा आतडे बाहेर आले असेल, तर चर्चेला जागा नाही. सरळ शस्त्रक्रियागृहात न्यावयाचे. गोळीच्या जखमांतही बहुतेक वेळा पोट उघडावेच लागते, कारण गोळी आत गेली की काही ना काही फोडल्यावाचून सहसा राहत नाही. परंतु सुरीच्या जखमेचा हिशेब निराळा आहे. शल्यशास्त्राच्या वर्गात असा एक ढोबळ नियम शिकवितात की, पोटाच्या पुढल्या भागावरील सुरीच्या जखमांपैकी एक तृतीयांश अस्तरापर्यंत पोचतच नाहीत, एक तृतीयांश आत जातात पण शिवण्याजोगे नुकसान करीत नाहीत, आणि उरलेल्या एक तृतीयांशांनाच शस्त्रक्रिया लागते. सर्वांचीच पोटे उघडली तर तिघांपैकी दोघांची उगाच उघडली असे होईल; आणि उगाच उघडलेले पोटही निर्धोक नसते. म्हणून १९६० साली ब्रुकलिन येथील शल्यचिकित्सक शाफ्टन यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला नजरेखाली ठेवावे आणि लक्षणे दिसली तरच शस्त्रक्रिया करावी. आज ही रीत सर्वत्र मान्य आहे.

नजरेखाली ठेवणे म्हणजे खाटेवर टाकून ठेवणे नव्हे. निदान चोवीस तास, ठराविक अंतराने, शक्य तो एकाच डॉक्टरने पोट पुन्हा पुन्हा चाचपावयाचे, नाडी, ताप व रक्तदाब लिहून काढावयाचे. सोनोग्राफीने हृदयाभोवती, यकृतापाशी, प्लीहेपाशी आणि ओटीपोटात रक्त साठले आहे का ते काही मिनिटांत कळते. परंतु सोनोग्राफीत रक्त दिसले नाही म्हणजे आतडे फुटले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात श्वासपटलाखाली हवा दिसली तर पोकळ अवयव फुटला असण्याची दाट शंका घ्यावी. सीटी स्कॅनने घावाचा मार्ग पुष्कळसा उमगतो. पण रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाला सीटी स्कॅनसाठी नेऊ नये. यंत्र चित्र देते, रक्तस्राव थांबवीत नाही. आणि डाव्या बरगड्यांखालच्या जखमेत श्वासपटलाला पडलेले लहान भोक चित्रातही निसटू शकते. ते राहून गेले तर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, आतडे त्यातून छातीत चढते. म्हणून अशा जखमेत दुर्बिणीतून आत डोकावून खात्री करून घेतात.

शस्त्रक्रियेचा क्रम समजावयास सोपा आहे. पोट मधोमध, वरपासून खालपर्यंत उघडावयाचे. प्रथम रक्त थांबवावयाचे. त्यासाठी चारही कोपऱ्यांत मोठी फडकी दाबून बसवितात. मग गळती थांबवावयाची. त्यानंतर शोध. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. ते आरंभापासून अंतापर्यंत इंच इंच पाहावयाचे. जठराची पुढची बाजू पाहिली की मागची पाहावयाचीच, कारण आत शिरलेली वस्तू बहुधा पलीकडून बाहेरही पडलेली असते. लहान आतड्याला तीन भोके सापडली तर चौथे शोधावयाचे, कारण भोके बहुधा जोडीने पडतात. मोठ्या आतड्याच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धात दंडक असा होता की, फुटलेला भाग पोटाबाहेर आणून तेथेच मलमार्ग करावयाचा. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून मत पालटले, आणि योग्य रुग्णांत ते सरळ शिवून टाकणे सुरक्षित ठरले. पोटावर पिशवी लावून महिनोन्‌महिने काढण्याचा प्रसंग त्यामुळे पुष्कळांवरून टळला.

आणखी एक फेरबदल फार महत्त्वाचा आहे. पूर्वी एकदा पोट उघडले की सारे काही दुरुस्त करूनच बंद करावयाचे अशी जिद्द असे. परंतु फार रक्त गेलेला मनुष्य थंड पडतो, त्याचे रक्त आम्ल होते आणि गोठेनासे होते. ही त्रयी जमली की उत्तम शस्त्रक्रियाही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून १९९३ पासून एक नवी रीत रूढ झाली. रक्त आणि गळती तेवढी थांबवून, फडकी आत तशीच ठेवून, पोट तात्पुरते झाकावयाचे. रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब आणि रक्त द्यावयाचे. आणि एक-दोन दिवसांनी उरलेले काम पुरे करावयाचे. घर जळत असता प्रथम आग विझवावी, भिंतींची डागडुजी मागाहून करावी, असे हे शहाणपण आहे.

येथवर सुरी आणि टाके झाले, आता कागद. रोगांची आणि जखमांची सर्व जगात एकच यादी असावी, म्हणजे एका गावाची माहिती दुसऱ्या गावाच्या माहितीशी ताडून पाहता येईल, या विचारातून फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने ते हाती घेतले आणि त्यात मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आपल्या रुग्णालयांतील परिचयाची यादी दहाव्या आवृत्तीची, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ.

या यादीत पोटाच्या भिंतीच्या उघड्या जखमेचा संकेत एस ३१.१ असा आहे. आतल्या अवयवांच्या इजेचा वर्ग एस ३६. त्यात प्लीहेला एस ३६.०, यकृत व पित्ताशयाला एस ३६.१, जठराला एस ३६.३, लहान आतड्याला एस ३६.४, मोठ्या आतड्याला एस ३६.५, मूत्रपिंडाला मात्र निराळा वर्ग, एस ३७.०. यांच्यापुढे आणखी एक अंक जोडण्याची सोय आहे. पोकळीपर्यंत पोचणारी उघडी जखम नसेल तर शून्य, असेल तर एक. अमेरिकेने स्वतःसाठी तयार केलेल्या आवृत्तीत तर पोकळीत न गेलेल्या जखमेला एस ३१.१ आणि पोकळीत गेलेल्या जखमेला एस ३१.६ असे दोन निरनिराळे संकेत आहेत. म्हणजे सुश्रुताचा भिन्न आणि विद्ध हा भेद येथे अंकांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे!

समजा, मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याला बैलाने शिंग मारले. शस्त्रक्रियेत लहान आतड्याला दोन भोके सापडली, ती शिवली, आणि मनुष्य दहा दिवसांनी घरी गेला. केसपेपरवर डॉक्टरने घाईत "पोटाला जखम, टाके घातले" एवढेच लिहिले, तर नोंद करणाऱ्याच्या हाती एस ३१.१ खेरीज काही लागणार नाही. कागदोपत्री हा मनुष्य कातडी खरचटलेल्याच्या शेजारी बसेल. डॉक्टरने "शिंगाची जखम, अस्तर भेदून पोकळीत, लहान आतड्याला दोन भोके, पोट उघडून शिवली" असे लिहिले, तर मुख्य नोंद एस ३६.४ ची होते, पुढे एक हा अंक लागतो, आणि बाहेरच्या कारणासाठी डब्ल्यू ५५, म्हणजे कुत्रा-उंदीर सोडून इतर सस्तन प्राण्याने केलेली इजा, असा संकेत जोडला जातो. नोंद करणाऱ्याने तर्क करावयाचा नसतो. जे लिहिले आहे त्यालाच अंक द्यावयाचा असतो. म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी.

बाहेरच्या कारणाचा संकेत तर विशेष जपून द्यावा लागतो. एकाच सुरीची, एकाच जागी, एकाच खोलीची जखम घ्या. ती अपघाताने झाली तर डब्ल्यू २६, स्वतःच करून घेतली तर एक्स ७८, दुसऱ्याने हल्ला करून केली तर एक्स ९९, आणि हेतू कळला नाही तर वाय २८. पोटाच्या आत चारही ठिकाणी एकच चित्र दिसेल. परंतु समाजाने करावयाचा विचार चार प्रकारचा आहे. पहिल्यात हत्याराची मूठ सुधारली पाहिजे, दुसऱ्यात त्या माणसाला मानसोपचाराचा आधार मिळाला पाहिजे, तिसऱ्यात पोलिसांचे काम आहे. भीतीने, भिडेने किंवा लाजेने "पडून लागले" असे लिहिले गेले, की पुढचे सर्व उपाय चुकीच्या दाराशी जातात.

न्यायालयातही तोच कागद उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात गंभीर दुखापतीची व्याख्या आहे. जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी अगर नेहमीची कामे करू न देणारी दुखापत तिच्यात मोडते. जुन्या दंडसंहितेत हा अवधी वीस दिवसांचा होता. जखमांच्या दाखल्यावर केवळ लांबी-रुंदी असेल आणि खोली नसेल, तर जिवाला धोका होता की नाही हे न्यायाधीशाने कशावरून ठरवावयाचे? उलट, न घडलेली खोली लिहिणे हाही तितकाच मोठा अन्याय. त्याने निरपराध माणूस अधिक शिक्षेला पात्र ठरू शकतो. येथे लोकांच्या मनातली एक भीती काढून टाकली पाहिजे. पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, या समजुतीने लोक आधी पोलीस ठाण्याची वाट धरतात. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, जीव वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य होय आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. आधी उपचार, मग पंचनामा. रुग्णाचे फाटके कपडे मात्र धुऊ नयेत किंवा फेकू नयेत; तो पुरावा असतो.

पैशाचाही संबंध आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अशा कोणत्याही योजनेत खर्च मंजूर करणाऱ्याने रुग्णाला पाहिलेले नसते, तो कागदच पाहतो. कागद अपुरा असेल तर खरी शस्त्रक्रियाही शंकास्पद ठरते आणि फटका गरिबाला बसतो. त्याहून दूरचा परिणाम असा की, साऱ्या जिल्ह्याच्या नोंदी एकत्र केल्यावर कोणत्या तालुक्यात रक्तसाठा हवा, कोठे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ हवा, हे ठरवावयाचे असते. दहा उदरभेदी जखमा साध्या जखमा म्हणून लिहिल्या गेल्या, तर त्या तालुक्याला या साऱ्याची गरजच नाही असे दप्तर सांगेल. आणि अकराव्या माणसाला पुन्हा सत्तर किलोमीटर यावे लागेल.

तेव्हा सारांशाने सांगावयाचे ते इतकेच. गावकऱ्याने घुसलेली वस्तू उपसू नये, पाणी पाजू नये, वेळ दवडू नये. डॉक्टरने लहान तोंडाच्या जखमेवर विश्वास ठेवू नये, आणि पोट उघडण्याची घाईही करू नये. पुन्हा पुन्हा तपासावे. लिहिणाऱ्याने जे पाहिले ते पुरते लिहावे. आणि घरी जाणाऱ्या रुग्णाने आपले डिस्चार्ज कार्ड वाचून पाहावे. जखम कशाने झाली, आत गेली होती का, कोणत्या अवयवाला लागली, काय शिवले, प्लीहा काढली असेल तर पुढे कोणत्या लसी घ्यावयाच्या, एवढे त्यावर लिहिलेले नसेल तर ते विनयाने विचारून लिहून घ्यावे. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि पुढच्या डॉक्टरला त्याचे पोट दुसऱ्यांदा पाहण्याची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडणार आहे.